रावणाला गेटपास

"बाय, रावन भायेर काढ. शिमगा आला."

पांडूतात्या शिगवण माझ्या टेबलासमोर उभे होते. एका खांद्यावर सुंभाचं वेटोळं, दुसऱ्यावर दोन जुन्या गोधड्या. बाहेर टेम्पो चालूच ठेवला होता. त्याचा धूर खिडकीतून आत येत होता आणि माझ्या डोक्यात धुराने जुन्या कागदाचं काय नुकसान होतं त्याचं अख्खं प्रकरण फिरत होतं.

मी पांढरे सुती हातमोजे घातलेले दोन्ही हात टेबलावर जुळवले आणि शांतपणे म्हटलं, "तात्या, अभिलेखागारात जमा झालेली वस्तू बाहेर जात नसते."

तात्यांनी आधी माझ्या हातांकडे बघितलं. "हाताला काय झाला गो तुज्या?"

काही झालं नव्हतं. दिल्लीला सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते, तेवढंच झालं होतं. तिथे सांगितलं होतं की जुन्या वस्तूला उघडा हात लावू नका, घामाने खराब होते. मी मोजे घालून चहासुद्धा प्यायचे. आज त्या मुलीचा फोटो बघितला तर तिला एक टपली मारावीशी वाटते.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या विद्यापीठाचं अभिलेखागार अंधेरी पूर्वेला, आरेच्या रस्त्याला लागून असलेल्या एका जुन्या गोदामात होतं. अभिलेखागार म्हटलं की लोकांना पिवळे कागद आणि वाळवी आठवते. ती दोन्ही होतीच. पण विद्यापीठाला जे टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, ते सगळं आमच्याकडे यायचं. कसरीने खाल्लेले पदवीदानाचे झगे, काचेवरच्या फोटोंच्या जड पेट्या, वसतिगृहाची जेवणाची घंटा, एका बहिऱ्या प्राध्यापकांचा कानाला लावायचा कर्णा, विद्यार्थ्यांच्या मोर्च्यातले फलक. भूगर्भशास्त्राने एक पेटीभर दगड पाठवले होते, त्यांच्यावरची लेबलं गळून तळाशी पडली होती. कुठला दगड कुठला, हे आता फक्त दगडांनाच ठाऊक. माहुलच्या कोळीवाड्यातून एका अभ्यासकाने जाळं आणलं होतं. त्याच्या वासाने आरेतली झाडून सगळी मांजरं आमच्या व्हरांड्यात मुक्कामाला. मी त्या जाळ्याच्या रिपोर्टमध्ये 'वास: मूळचा' असं लिहिलं होतं.

आणि त्यात हा रावण.

रत्नागिरीकडच्या गावांत शिमग्याला नमन-खेळे होतात. त्यात सोंगं निघतात, म्हणजे मुखवटे लावून नाचणारी पात्रं. शिगवणांच्या वरच्या वाडीकडे रावणाच्या सोंगाचा मान होता. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा मुखवटा. मधे परातीएवढं मोठं तोंड, एका बाजूला पाच लहान, दुसऱ्या बाजूला चार. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईत गिरणीत होते आणि रावणही त्यांच्याबरोबर मुंबईलाच राहायचा, घाटकोपरला वाडीच्या मंडळाच्या खोलीत. शिमग्याला गावी जायचा आणि मोडक्या पाळण्यासारखा वाजत-कुरकुरत परत यायचा. मग संप झाला, गिरण्या बसल्या, मंडळाची खोली गेली. रावणाला छप्पर नाही. आमच्याकडचे लोकनाट्याचे एक प्राध्यापक मधे पडले आणि रावण टेम्पोतून माझ्याकडे आला.

माझ्याकडे एकच फॉर्म होता, दानपत्राचा. 'ठेव म्हणून दिली' असा दुसरा फॉर्म छापायला गेला होता आणि तो छापखान्यातच म्हातारा झाला. तात्यांनी दानपत्रावर सही केली. त्यांच्या मते ती रावण पोचल्याची पावती होती. मी अ‍ॅक्सेशन नंबर दिला. अ‍ॅक्सेशन नंबर म्हणजे वस्तूचं बारसं. एकदा नाव ठेवलं की ते मूल विद्यापीठाचं.

त्यानंतर मी जे केलं त्याचा मला फार अभिमान होता. रावणाचा रंग जागोजाग पापुद्रे धरून सुटत होता. एकावर एक रंगांचे किती थर, देव जाणे. मी बारीक कुंचल्याने प्रत्येक पापुद्र्याखाली चिकट द्रावण सोडायचे, वरून पातळ कागद ठेवून बोटाने दाबायचे आणि श्वास रोखून बसायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आई म्हणायची, "मुलीला स्थळं बघायची तर ही रावणाला मलम लावते." जानेवारीत शेवटचा पापुद्रा बसला. मी पेढे वाटले.

आणि आता हा माणूस गोधडी घेऊन आला होता.

"आमी ठेवाया दिला गो," तात्या म्हणाले. "दिऊन न्हाय टाकला. घरातला देव कुनी दिऊन टाकतो काय?"

"रावण देव नाही, तात्या."

"शिमग्याला हाय."

मी त्यांना आर्द्रता, प्रकाश आणि पुढच्या पिढ्या यांच्यावर छोटंसं भाषण दिलं. ते त्यांनी उभ्यानेच ऐकलं. मग स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "बाय, मानाचा सोंग हाय. ह्या वर्षी रावन सहाणीवर उभा ऱ्हायला न्हाय, तर मान खालच्या वाडीकडं जातो. परत येत न्हाय. त्यांनी पुठ्ठ्याचा रावन करून ठेवलाय. डोळ्यांत बल्ब बसवलेत, बॅटरीवर पेटतात. माजा बापूस ह्या रावनाखाली नाचला. गिरनी गेली, खोली गेली. आता हा पन तुज्या कपाटात गेला, तर आमी वरच्या वाडीचे म्हनून सांगायचा काय?"

सहाण म्हणजे गावात पालखी बसते तो चौथरा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी वहीत 'सहाण?' असं लिहून घेतलं. माझ्या समोर माणूस रडकुंडीला आलाय आणि मी शब्दार्थ टिपतेय. अशी मी.

तात्यांना उद्या या म्हणून सांगितलं आणि आमचे संचालक कर्णिक सर, त्यांच्याकडे गेले. कर्णिक सर भले गृहस्थ. प्रश्न आला की चष्मा काढून पुसायचे. तो स्वच्छ होईपर्यंत प्रश्न जाईल अशी त्यांना आशा असायची.

"वस्तू रजिस्टरमधून काढायची तर कार्यकारी परिषदेचा ठराव लागतो," ते म्हणाले. "परिषद भरणार जूनमध्ये."

"शिमगा मार्चमध्ये आहे, सर."

"तुम्हीच म्हणता ना, वस्तू बाहेर जात नसते?"

"म्हणते ना. पण जायला हवी."

"आणि एप्रिलमध्ये समिती येतेय." ही बाहेरच्या तज्ज्ञांची समिती. आमचा विभाग कायम करायचा की गुंडाळायचा, ते ती ठरवणार होती. आणि दाखवण्यासारखं आमच्याकडे होतं काय? वास मारणारं जाळं, अनोळखी दगड आणि मी चिकटवलेला रावण.

तेवढ्यात स्टोअर्सचे परब आले. वार्षिक तपासणीचा रिपोर्ट घेऊन. त्यांनी रावणासमोर लिहिलं होतं: 'एक तोंड गहाळ.'

मी म्हटलं, "परब, दहा आहेत. मोजा."

"मोजली ना मॅडम. ह्या साइडला पाच, त्या साइडला चार. एक शॉर्ट."

"आणि मधलं?"

"मधलं मेन आहे. ते धरत नाही."

"अहो, पाच नि चार नऊ, नि मधलं एक, दहा! रावणाला दहाच असतात!"

"ते रामायणात मॅडम. इथे दोन्ही साइड सेम पाहिजेत. नाहीतर तुम्ही लेखी द्या की वस्तू मूळचीच वाकडी आहे."

मी लेखी दिलं. विद्यापीठाच्या दप्तरात आजही कुठेतरी माझ्या सहीचा कागद असेल की रावणाला दहाच तोंडं असतात.

परब गेल्यावर कर्णिक सरांनी चष्मा परत घातला. चेहऱ्यावर थोडं हसू होतं. "कुंदाताई, वस्तू बाहेर जात नाही हे खरं. पण बाहेर भरलेल्या प्रदर्शनाला जाते. त्याला माझी सही पुरते."

नियमांचं पुस्तक मला पाठ होतं. त्यातून वाट काढायची असते, हे कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांना समोर बसवून बाह्य प्रदर्शनाचा अर्ज भरला.

"प्रदर्शनाचं ठिकाण?"

"सहाण."

"प्रेक्षक?"

"अख्खा गाव. आनि मुंबयकर."

"वस्तू काचेच्या पेटीत असेल का?"

"डोक्यावर असंल."

"प्रकाशयोजना?"

तात्यांनी जरा विचार केला. "होळी."

मी पेन खाली ठेवलं. कर्णिक सर पलीकडच्या टेबलावरून म्हणाले, "नैसर्गिक प्रकाश लिहा."

अर्ज झाला. तात्यांची 'तात्पुरते मानद अभिरक्षक' म्हणून नेमणूक झाली. त्यांनी तो कागद खिशात घातला आणि मला विचारलं, "ह्यात पगार हाय काय?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग ठीक. गिरनीसारखाच."

रविवारी सकाळी रावण घाटकोपरला नेला. डोंगरावरच्या ज्या चाळीत तात्या राहायचे, तिच्या अंगणातून संध्याकाळी गावची गाडी सुटणार होती. बांधाबांध माझ्या देखरेखीखाली व्हावी अशी अट मीच घातली होती. मी गेले ती हातमोजे, आर्द्रता मोजायचं यंत्र आणि 'स्पर्श करू नये' अशी पाटी घेऊन. पाटी. चाळीत. शिमग्याला.

अंगणात सतरंजी घातलेली. माणसं जमलेली, बायका, पोरं, चहाची किटली. रावणाची गोधडी सोडली तशी सगळ्यांनी हात जोडले. मलाही बरं वाटलं. मग माझं लक्ष सतरंजीच्या कडेला गेलं. तिथे ऑइल पेंटचे डबे ओळीने मांडले होते. लाल, पिवळा, काळा, पांढरा. प्रत्येकात एक ब्रश.

"तात्या, हे काय?"

"रंग."

"कशाला?"

"रावनाला. दर वर्षी रंग लावल्याबिगर सोंग उभा ऱ्हात न्हाय."

"तात्या! सहा महिने! सहा महिने मी एकेक पापुद्रा चिकटवलाय!"

"बेस केलास. आता रंग नीट बसंल."

मी आर्द्रता मोजली. ती भरपूर होती.

मग तात्यांच्या वहिनींनी, चाळीत सगळे त्यांना काकी म्हणायचे, मला बाजूला बसवून समजावलं. वरच्या वाडीत दहा घरं. एका घराचं एक तोंड. ज्याच्या घराचं जे तोंड, ते त्याच घरच्या हाताने रंगवायचं. तोंड कोरं राहिलं तर ते घर वाडीतून उठलं. आणि एक जरी तोंड कोरं राहिलं तर रावण उभा राहत नाही. मी ज्या तोंडांबद्दल 'विसंगत रंगकाम, बहुधा वेगवेगळ्या काळातले' असं रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ती वेगवेगळ्या काळातली नव्हती. ती शेजारपाजाऱ्यांची होती.

काकी म्हणाल्या, "तू चिकटवलंस ते माज्या आजेसासऱ्याचा हात असंल. तो खाली ऱ्हातोच गो. वर आमचा."

एकेक घर पुढे आलं. कुणी डोळे काढले, कुणी मिशी, कुणी पोराचा हात धरून गालावर लाल फासला. माझ्या प्रत्येक पापुद्र्यावर ब्रश फिरत होता आणि मी प्रत्येक वेळी डोळे मिटत होते. शेवटी पाचांच्या बाजूचं कडेचं तोंड उरलं.

कुणीच उठेना.

ते गंगारामच्या घराचं होतं. संपानंतर त्याचं कुटुंब सुरतेला यंत्रमागावर कामाला गेलं. निरोप धाडले, पण कुणी आलं नव्हतं. अंगणाच्या टोकाला एक चापूनचोपून भांग पाडलेला माणूस इतका वेळ गप्प चहा पीत उभा होता. तो आता बशी खाली ठेवून पुढे आला. खालच्या वाडीचा गोविंद. नाहूरला राहायचा, मुलुंडच्या कंपनीत होता. तपासायलाच आला होता.

"तात्या, एक तोंड कोरं आहे," तो म्हणाला. "आता गावाला न्यायचा त्रास कशाला घेताय? आमचा तयार आहे."

"तुमचा सेलवर चालतो," काकी म्हणाल्या. "नाचता नाचता विजला तर काय रावनाला टॉर्च दाकवायचा?"

लोक हसले, पण तात्या हसले नाहीत. दुसऱ्याने रंगवलेलं चालत नाही, हे त्यांना गोविंदइतकंच ठाऊक होतं. त्यांनी गंगारामच्या तोंडावर पंजा ठेवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणाले, "अजून एक रीत हाय. रावन वरीसभर ज्या घरात ऱ्हातो, त्या घराचा पन हात चालतो."

"मंडळाची खोली विकली तुम्ही," गोविंद म्हणाला. "वर्षभर रावण होता कुठे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आमच्याकडे," मी म्हटलं.

"तुमच्याकडे म्हणजे? ते सरकारी गोदाम आहे. घर कुठे आहे?"

आता मला खरं म्हणजे सांगायला हवं होतं की ते अभिलेखागार आहे, विद्यापीठाचं आहे, आणि मी तिथली हंगामी नोकर आहे. पण त्या माणसाचा मला भयंकर राग आला. गोदाम म्हणतो! पावसाळ्यात छत गळलं तेव्हा माझी रेनकोट-छत्री त्या रावणावर होती. मांजरांना मी हाकललं होतं. सहा महिने दुसऱ्या कुणाचं तोंड बघितलं नव्हतं मी.

"घरच आहे," मी म्हटलं. "सकाळी कुलूप मी काढते, संध्याकाळी मी लावते. रावणाला काय हवं-नको ते मी बघते. आणखी काय असतं घरात?"

गोविंद काही बोलायला गेला. मागून एक म्हातारा म्हणाला, "बाय बरोबर बोलते. रीत हाय." गोविंदने परत बशी उचलली.

तात्यांनी माझ्यासमोर ब्रश धरला. "हातमोजे काढ. घरच्या मानसाचा हात लागतो."

मी काढले.

आता चित्रकलेत मी शाळेपासून काठावर पास. त्यात या तोंडाच्या गालावरचा पापुद्रा मला सगळ्यात जास्त छळून शेवटी बसला होता. लाल लावला. डोळे काढले, ते एकमेकांकडे बघू लागले. मिशी काढायला गेले तर एक बाजू कानापर्यंत गेली. पोरं खिदळायला लागली. काकी म्हणाल्या, "असू दे गो. गंगारामची पन अशीच व्हती."

रावण उन्हात वाळला, गोधडीत बांधला, गाडीच्या टपावर चढला. टपावरून तात्या ओरडले, "बाय, पाटी ऱ्हायली तुजी!" ती 'स्पर्श करू नये'ची पाटी चहाच्या किटलीखाली होती. मी ती तिथेच सोडली.

रावण सहाणीवर उभा राहिला. मान वरच्या वाडीतच राहिला. तात्यांचा मुलगा त्याच्याखाली नाचला. शिमगा संपल्यावर मानद अभिरक्षक स्वतः रावण घेऊन आले, सोबत पिशवीभर काजूगर. कर्णिक सरांनी गोधडी उचलली. चकचकीत लाल, टर्पेंटाइनचा भपकारा. त्यांनी चष्मा काढला तो बराच वेळ घातलाच नाही.

"कुंदाताई, हे कोणी केलं?"

"दहा घरांनी, सर. त्यातलं एक आपलं."

समिती आली. मी ठरवलं होतं, सगळं खरं सांगायचं. समितीच्या अध्यक्षांनी एका हातात माझा जुना रिपोर्ट धरला, दुसऱ्या हाताने भिंग, आणि रावणाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"इथे लिहिलंय की रंग सर्वत्र सुटत होता. आता एकही पापुद्रा सुटलेला नाही!"

"सर, त्यावर नवीन रंग आहे. ऑइल पेंट. शिमग्याला लावला."

"तेच तर. काय टिकवलंय!"

"टिकवला नाही सर, नवा दिलाय. हे कडेचं तोंड तर मीच—"

"मॅडम, नम्रता पुरे." त्यांनी लिहून टाकलं: 'संवर्धन आदर्श.' मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा कर्णिक सरांनी मला चहा सांगायला पाठवलं. विभाग कायम झाला. मीही कायम झाले. तेवढा माझा तो पापुद्रेवाला रिपोर्ट मात्र आजही मला वाचायला धजवत नाही.

ठेवीचा फॉर्म शेवटी छापून आला. रावणाचं दानपत्र रद्द करायला जूनची परिषद लागली, आणि त्यात परबांनी पुन्हा एकदा तोंडांचा मुद्दा काढलाच. पण त्यानंतर दर मार्चला तात्या यायचे, मी कुलूप काढायचे आणि रविवारी घाटकोपरला जाऊन कडेच्या तोंडाची मिशी काढायचे. निवृत्त होईपर्यंत ती काही सरळ आली नाही.

त्या एका रावणाने मला कोर्सपेक्षा जास्त शिकवलं असं लिहायचा मोह होतोय, पण कोर्सने निदान सर्टिफिकेट दिलं. रावणाने एक सवय लावली. वस्तू आत घेताना तिचं वय, लाकूड, रंग, मालक हे सगळं नंतर. आधी एकच विचारायचं. पुढे एकदा एक निवृत्त प्राचार्य आपली सगळी मानपत्रं, शाली आणि फ्रेम केलेले फोटो घेऊन आमच्याकडे द्यायला आले. मी फॉर्म पुढे ओढला आणि सवयीने विचारलं, "सर, यातलं काही शिमग्याला लागतं का?"

ते रागाने सगळं परत घेऊन गेले. कपाटात तेवढी जागा वाचली.